मार्चमध्येच उन्हाळा आला, तर गोल्फच्या हिरवळीचं काय होतं?

शिकागोत मार्चच्या मध्याला दुपारचं तापमान साधारण ८-९ अंश सेल्सिअस असतं. २०१२ साली १४ मार्चला तिथे पारा २७ अंशांवर गेला, २१ मार्चला तर ३० अंशांच्याही पुढे. २७ अंश गाठलेले किंवा ओलांडलेले असे आठ दिवस त्या एका मार्चमध्ये होते. विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायो, सगळीकडे तीच तऱ्हा. दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानाचे मिळून १५ हजारांहून जास्त स्थानिक उच्चांक अमेरिकेत महिन्याभरात मोडले. १८९५पासूनच्या नोंदींत तिथल्या मुख्य भूमीवर एवढा उबदार मार्च आधी कधी झाला नव्हता.

लोक साहजिकच खूश होते. एरवी एप्रिलमध्ये उघडणारे गोल्फ कोर्स मार्चमध्येच उघडले. ज्यांच्यावर ते मैदान सांभाळायची जबाबदारी असते, ते मात्र काळजीत होते. अमेरिकेत या माणसाला ‘सुपरिंटेंडंट’ म्हणतात. हिवाळा संपला, गवत हिरवं झालं, गिऱ्हाईक दारात उभं आहे. मग याच्या कपाळाला आठ्या का?

प्रश्न जुना झालेला नाही. २०१७चा फेब्रुवारी तिथे असाच उबदार गेला आणि २०२३-२४चा हिवाळा तर त्या देशाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरापुढच्या लॉनवरही हेच घडतं, फक्त छोट्या प्रमाणात. म्हणून हा विषय मुळापासून बघू.

## आधी गवत कुठलं ते बघू

गोल्फ कोर्स लांबून एकसारखा हिरवा दिसतो, पण तिथे किमान तीन वेगळे कारभार चालतात. भोकाभोवतीचा, जिथे चेंडू हळूच ढकलतात, तो भाग म्हणजे ‘ग्रीन’. तिथलं गवत जेमतेम ३ मिलिमीटर उंचीवर कापतात. दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढी ही उंची. मधला लांबलचक पट्टा म्हणजे ‘फेअरवे’. तिथे १० ते १३ मिलिमीटर. कडेचं वाढलेलं गवत म्हणजे ‘रफ’.

अमेरिकेच्या उत्तर भागात ही सगळी गवतं थंड हवामानाची असतात. ग्रीनवर मुख्यतः दोन जाती दिसतात. एक बेंटग्रास, जे मुद्दाम लावलेलं असतं. दुसरं पोआ ॲन्युआ, जे बहुतेक ठिकाणी न बोलावता आलेलं असतं आणि आता घरचंच झालेलं असतं. पोआ बारीक, दाट आणि दिसायला चांगलं, पण नाजूक. थंडी, ऊन, रोग, कीड, कशानेही आधी तेच आडवं होतं. या लेखातला निम्मा त्रास पोआमुळेच आहे.

उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर बर्म्युडा गवत असतं. त्याची मूळ जात म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिचं वागणं थंड गवतांच्या उलट असतं. तिच्याकडे नंतर वळू.

## पानं आणि मुळं एका वेळी धावत नाहीत

थंड हवामानाच्या गवताची पानं १५ ते २४ अंशांच्या दरम्यान सगळ्यांत जोमाने वाढतात. मुळांना त्याहून थंड माती लागते, साधारण १० ते १८ अंशांची. त्यामुळे नेहमीच्या वसंतात एक छान क्रम असतो. बर्फ वितळतं, माती हळूहळू उबदार होते, वर पानं अजून सुस्त असतात आणि खाली मुळं कामाला लागलेली असतात. हे पाच-सहा आठवडे वरून बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटतात. खरी कमाई त्याच आठवड्यांत होते.

ही कमाई लागते उन्हाळ्यात. मातीचं तापमान विशीच्या वर सरकलं की बेंटग्रास आणि पोआची मुळं वाढायची मंदावतात. पंचविशीच्या आसपास जुनी मुळं मरायला लागतात आणि नवी येत नाहीत. म्हणजे जून ते ऑगस्ट हा सगळा खर्चाचा काळ. मे महिन्यात मुळं जेवढी खोल गेली असतील, त्यावरच गवत उन्हाळा काढतं.

आता मार्चमध्ये एकदम २७ अंशांची हवा आली, तर पानं जागी होतात आणि मागणी करू लागतात. गवताने शरद ऋतूत साखर साठवून ठेवलेली असते. ती असते ‘क्राउन’मध्ये. क्राउन म्हणजे मातीच्या पातळीवरचा तो छोटा, जाडसर भाग, जिथून वर पानं आणि खाली मुळं फुटतात. गवताचा जीव तिथे. उबेमुळे हा साठा पानांकडे वळतो. वर हिरवंगार दिसतं आणि खाली मुळांना मिळायचं ते कमी मिळतं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यातला धोका समजावून सांगावा लागणार नाही. मे अखेरीस वळवाचा जोरदार पाऊस पडतो, जमीन ओली दिसते, कोणीतरी घाईने पेरून मोकळा होतो. मग पाऊस वीस दिवस दडी मारतो, उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणीची वेळ येते. पाऊस खरा होता, ओलही खरी होती. हंगाम तेवढा सुरू झालेला नव्हता. मार्चमधली ऊब गवताला असंच फसवते. फरक एवढाच की शेतकरी पेरायचं की नाही ते ठरवू शकतो, गवत ठरवू शकत नाही. त्याच्या वतीने सुपरिंटेंडंटला थांबावं लागतं.

माझ्या मते सगळ्या विषयाचं सार या थांबण्यात आहे. लवकर आलेल्या उबेत काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं असतं.

## तारीख सोडा, ऊब मोजा

‘दर वर्षी १५ एप्रिलला फवारणी’ हा हिशोब अशा वर्षी कोलमडतो. मग कशावर चालायचं? त्यासाठी एक सोपं गणित आहे. कृषिशास्त्रात त्याला उष्णता-एकक म्हणतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या, त्यांची सरासरी काढा आणि त्यातून एक ठरलेलं पायाभूत तापमान वजा करा. उरलं ते त्या दिवसाचं एकक. रोजची एककं बेरजेत टाकत जायची.

समजा कमाल २६, किमान १०. सरासरी १८. पाया १० अंशांचा धरला, तर त्या दिवसाची एककं ८. आता नेहमीचा मार्च घ्या: कमाल ८, किमान उणे १. सरासरी १० अंशांच्या खाली, म्हणजे एकक शून्य. शून्याच्या खाली धरत नाहीत. असे नऊ उबदार दिवस लागोपाठ आले, तर ७२ एककं जमली. नेहमीच्या वर्षी त्याच नऊ दिवसांत काहीच जमलं नसतं. तण, कीड, फुलोरा, सगळे या बेरजेवर चालतात. त्यांच्याकडे कॅलेंडर नसतं.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने सुपरिंटेंडंट लोकांसाठी ही बेरीज ठेवणारी ऑनलाइन सेवाच सुरू केली, ती यासाठी. तरी आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा सुपरिंटेंडंट मी चांगला म्हणणार नाही. चांगला माणूस सकाळी मातीत ५ सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसतो, रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी. शिवाय पोकळ नळीने मातीचा एक दांडा उपसून बघतो. दांडा हातात आडवा धरून हलकेच मोडला की आतली मुळं दिसतात. पांढरी, ताठ मुळं म्हणजे या वर्षाची, चालू. तपकिरी आणि लिबलिबीत म्हणजे गेल्या वर्षाची, संपलेली. वर कितीही हिरवं असो, खाली पांढरं किती, यावर पुढचा निर्णय.

## ‘वाढलं तर कापा की, त्यात काय?’

कापायचं तर आहेच, पण कसं ते महत्त्वाचं. एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये, असा जुना नियम आहे. पान हीच गवताची अन्न तयार करायची जागा. ती एकदम छाटली की मुळांची वाढ थांबते, कारण सगळी ताकद पुन्हा पान उभं करण्यात जाते. म्हणून अशा वसंतात ग्रीनची उंची लगेच उन्हाळ्याच्या पातळीवर आणत नाहीत. थोडी जास्त ठेवतात आणि जास्त वेळा कापतात.

यात एक अडचण आहे ती माणसांची. हिवाळ्यात मशीनची पाती धार लावायला उघडून ठेवलेली असतात. हंगामी कामगार एप्रिलपासून येतात, कॉलेजची मुलं मेनंतर. मार्चमध्ये हाताशी चार-पाच माणसं, आणि गवत मात्र मे महिन्याच्या वेगाने वाढतंय. अशा वेळी रफ सोडून द्यावा लागतो, आणि मग सभासद विचारतात की कडेचं गवत का वाढलंय.

वाढ आवरणारी रसायनंही असतात, त्यांना वाढ-नियंत्रक म्हणतात. सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते ट्रिनेक्सापॅक-इथिल. पूर्वी ते दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची रीत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधनाने दाखवलं की बेंटग्रासच्या ग्रीनवर त्याचा परिणाम दिवसांवर अवलंबून नसतो, तो उबेवर असतो. शून्य अंशांचा पाया धरून २०० एककं झाली की पुन्हा द्यावं लागतं. सरासरी तापमान ८ अंश असेल, तर हे २५ दिवस झाले. सरासरी २० असेल, तर फक्त १०. आणि उशीर झाला तर गवत दाबून धरलेली वाढ भरून काढायला उसळतं, नेहमीपेक्षा जोरात. उबदार मार्चमध्ये कॅलेंडर धरून बसलेल्यांची फजिती इथे होते.

## ‘मग खत-पाणी देऊन मुळांना मदत का करत नाहीत?’

कारण नत्र आधी पानांना पोचतं. मार्चमध्ये भरपूर नत्र दिलं तर हिरवा रंग चार दिवसांत येतो, सगळे कौतुक करतात आणि मुळांचा उरलासुरला वाटाही वर जातो. हा मोह टाळणं सगळ्यांत अवघड असावं, कारण चूक करणाऱ्याचं आधी कौतुक होतं. अगदी थोडं थोडं, चमच्याने भरवल्यासारखं नत्र देणं वेगळं. हिवाळ्यात बुरशीने किंवा बर्फाने ज्या जागा टकल्या केल्या आहेत, तिथे ते उपयोगी पडतं.

पाण्याची गोष्ट वेगळीच. थंड प्रदेशात हिवाळ्याआधी पाण्याच्या सगळ्या पाइपलाइनमधून कॉम्प्रेसरने हवा सोडून पाणी बाहेर काढतात. आत पाणी राहिलं तर ते गोठून पाइप आणि स्प्रिंकलर फुटतात. मार्चमध्ये वारा सुटला, ऊन पडलं, ग्रीन कोरडे पडले. आता लाइन भरायची का? भरली आणि दहा दिवसांनी कडाक्याची थंडी परतली, तर दुरुस्तीचा खर्च. बरेचजण टाकीवर नळी लावून हातानेच पाणी देतात, कोरड्या पडलेल्या उंचवट्यांपुरतं. माती थोडी कोरडी राहिली तर बिघडत नाही. मुळं खाली शोधत जातात.

## पोटरीतलं पोआ

गहू-ज्वारी पिकवणाऱ्याला ‘पोटरी’ माहीत असते. कणीस बाहेर यायच्या आधी पानाच्या कोशात लपलेलं असतं, खोड तिथे फुगतं. पोआ ॲन्युआही असंच पोटरीत येतं, फक्त मापात फार छोटं. एरवी हे एप्रिल-मेमध्ये होतं. एकदा कणसं बाहेर पडली की हिरवीगार ग्रीन पांढरट, खरखरीत दिसते, आणि सरळ जाणारा चेंडू उड्या मारत जातो. शिवाय बी धरायला रोपाची साखर खर्च होते, तीही नेमकी मुळं वाढायच्या दिवसांत.

हा फुलोरा थोपवायला इथेफॉन वापरतात, बहुतेकदा ट्रिनेक्सापॅकच्या जोडीने. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंब बागायतदारांना इथेफॉन ओळखीचं आहे. बहार धरताना पानगळीसाठी ते फवारतात. गोल्फच्या ग्रीनवर त्याचं काम वेगळं: कणीस तयार व्हायच्या आधी पोचलं पाहिजे. कणीस बाहेर दिसलं, म्हणजे गाडी सुटली.

आणि वेळ ओळखायची कशी? सुपरिंटेंडंट गुडघे टेकून बसतो, पोआचं एक रोप चिमटीत उपटतो, अंगठ्याच्या नखाने खोड उभं चिरतो. आत टाचणीच्या टोकाएवढं फिकट, दाणेदार काही दिसलं, तर घड्याळ चालू झालं. उन्हाची बाजू, दक्षिणेकडचा उतार, इमारतीच्या भिंतीलगतची जागा, इथलं पोआ आधी पोटरीत येतं. सावलीतल्या ग्रीनवर आठवडा-दीड आठवडा उशिरा. मार्च २०१२सारख्या वर्षी फवारणीचा हा योग्य काळ काही आठवडे अलीकडे सरकतो आणि आखूडही होतो. त्यातच इथेफॉन दिलेल्या ग्रीनवर कडक थंडी पडली, तर गवत पिवळं पडायची भीती असते. लवकर द्यावं तर थंडी, उशिरा द्यावं तर कणसं. या निर्णयाला सोपं उत्तर नाही. मातीतला थर्मामीटर, नखाने चिरलेलं खोड आणि पुढच्या आठवड्याचा हवामान अंदाज, तिन्ही एकत्र बघून माणूस ठरवतो आणि कधीकधी चुकतो.

## तण आणि कीड यांना कोणी उठवलं?

क्रॅबग्रास हे तिथलं मुख्य उन्हाळी तण. मातीच्या वरच्या थराचं तापमान सलग काही दिवस १३ अंशांच्या आसपास राहिलं की त्याचं बी रुजायला लागतं. त्याआधी उगवणपूर्व तणनाशक जमिनीत असायला हवं. त्यातलं एक पेंडीमेथालिन, जे आपल्याकडे कांदा-सोयाबीनला सर्रास वापरतात. ही औषधं बी मारत नाहीत, कोवळ्या रोपाची मुळी वाढू देत नाहीत. त्यामुळे रोप वर येऊन स्थिरावल्यावर दिलं तर फुकट.

घाईतही नुकसान आहे. उबदार मातीतले जिवाणू हे औषध लवकर संपवतात. फार लवकर दिलेलं औषध जुलैत संपतं, आणि क्रॅबग्रासचं बी तर आठवडेच्या आठवडे टप्प्याटप्प्याने रुजत असतं. म्हणून अशा वर्षी एकूण मात्रा दोन हप्त्यांत विभागून देतात. थोडा दिलासाही असतो: मार्चमध्ये घाईने उगवलेली रोपं एप्रिलच्या कडक थंडीत बहुतेक मरतात.

किडीकडे वळू. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट या पट्ट्यात एक बारीक सोंडकिडा आहे, पोआच्या खोडात शिरून आतून पोखरणारा. प्रौढ किडे झाडांखालच्या पालापाचोळ्यात हिवाळा काढतात आणि ऊब आली की चालत चालत फेअरवेवर येतात. त्यांची गर्दी कधी होणार, याची खूण तिथल्या प्रत्येक अंगणात आहे. फोर्सिथिया नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप. त्याची निम्मी फुलं झडून निम्मी हिरवी पानं आली, की किड्यांची संख्या शिगेला पोचली असं धरतात. झुडूप आणि कीड दोघंही त्याच उबेवर चालतात, त्यामुळे उबदार वर्षीही ही खूण बरीच टिकते. पण ऊब, थंडी, पुन्हा ऊब असं झालं तर किडे एका लाटेत न येता तुकड्या-तुकड्यांनी येतात, आणि एका फवारणीत काम भागत नाही.

बुरशीचं थोडक्यात: ‘डॉलर स्पॉट’ नावाचा रोग ग्रीनवर नाण्याएवढे पिवळट ठिपके पाडतो. सरासरी तापमान १० अंशांच्या वर आणि हवेत दमटपणा असला की त्याची शक्यता सुरू होते. म्हणजे त्याचाही हंगाम अलीकडे येतो.

## आणि थंडी परत आली की?

२०१२मध्ये ती परत आली. एप्रिलमध्ये मिशिगनमध्ये रात्री पारा वारंवार शून्याखाली गेला. सफरचंदाची झाडं मार्चच्या उबेने आधीच फुलली होती. फुलं गोठली आणि राज्याचं सफरचंदाचं जवळपास ९० टक्के पीक गेलं. आंबट चेरीचीही तीच गत.

मग गवत कसं वाचलं? कारण त्याचा जीव फुलात नसतो, जमिनीलगतच्या क्राउनमध्ये असतो, आणि जमीन रात्री हवेइतकी थंड होत नाही. पानांची टोकं तपकिरी होतात, आठवड्या-दोन आठवड्यांत नवी येतात. एप्रिलमधली हलकी थंडी दिसायला वाईट, पण गवताला झेपणारी.

खरा धोका फेब्रुवारी-मार्चमधल्या उलथापालथीत असतो. हिवाळ्यात क्राउन आतलं पाणी कमी करून आणि साखर वाढवून गोठण्यापासून स्वतःला वाचवतो. चार उबदार दिवस मिळाले, वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं, की तो पाणी पिऊन फुगतो आणि ही तयारी मोडते. मोडायला थोडे दिवस पुरतात. पुन्हा तशीच तयारी वसंतात होत नाही. त्यावर एकदम कडाका पडला तर आतलं पाणी गोठून पेशी फाटतात. पोआ ही तयारी बेंटग्रासपेक्षा लवकर सोडतं. त्यामुळे वसंतात ग्रीनवर मेलेले चट्टे दिसतात, ते बहुतेक पोआचे आणि बहुतेक पाणी साचणाऱ्या खोलगट जागांतले. इथे औषध एकच, पाण्याला वाट करून देणं. वितळलेलं पाणी सखल भागातून ढकलून बाहेर काढणारा कर्मचारी फवारणी करणाऱ्याहून जास्त गवत वाचवतो.

खेळाडूंच्या बाजूने एक मागणी अशा दिवसांत हमखास येते: सकाळी दवाचं हिम पडलेलं असलं तरी खेळू द्या. तेवढं मात्र ऐकू नये. हिम असताना पानातल्या पेशी ताठ झालेल्या असतात. त्यावर पाय पडला की त्या चुरडतात. दोन-तीन दिवसांनी बुटाच्या मापाचे काळपट, मग वाळक्या गवतासारखे ठसे उमटतात, आणि ते कित्येक आठवडे जात नाहीत. तासभर थांबून ऊन येऊ द्यायचं, एवढीच गरज असते.

## दक्षिणेत वेगळाच पेच

जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर एप्रिलच्या सुरुवातीला मास्टर्स स्पर्धा होते. तिथल्या फेअरवेखाली बर्म्युडा आहे, म्हणजे हरळीच्या कुळातलं गवत. हिवाळ्यात ते झोपतं आणि पिवळं पडतं, म्हणून शरद ऋतूत त्यावर रायग्रास हे थंड हवामानाचं गवत पेरतात. टीव्हीवर दिसणारी ती हिरवाई रायग्रासची असते. वसंत लवकर उबदार झाला की खालचं बर्म्युडा वेळेआधी उठतं आणि पाणी, ऊन, जागा यांसाठी भांडू लागतं. दोन्ही गवतांना एका वेळी राजी ठेवणं जमत नाही. अझेलियाची फुलंही स्पर्धेच्या आधीच झडून जायची भीती असते.

हरळीला २७ ते ३५ अंश मानवतात, त्यामुळे पुण्या-मुंबईकडे फेब्रुवारी तापला तरी गवत मुळांवाचून पान काढत बसत नाही. तिथला प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

## ‘एका खेळाच्या गवतासाठी एवढा खटाटोप?’

हा आक्षेप मला रास्त वाटतो. पाणी, रसायनं, जमीन, तिन्ही बाबतीत गोल्फला प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. त्यातल्या रसायनांच्या प्रश्नाचं एक उत्तर याच विज्ञानात आहे. तारखेवर फवारणाऱ्याला चुकीच्या दिवशी फवारून पुन्हा फवारावं लागतं. माती आणि रोप बघून फवारणाऱ्याला औषध कमी लागतं. शिवाय शाळेचं मैदान, फुटबॉलचं स्टेडियम, सार्वजनिक बाग, सगळीकडे तीच गवतं आणि तीच माती. फळबागांचे शेतकरीही याच उष्णता-एककांवर किडीचा अंदाज बांधतात.

अशा वसंताचा फायदा काहीच नाही, असंही नाही. हिवाळ्यात मेलेले चट्टे लवकर भरून येतात. मातीत नळीने भोकं पाडून वाळू भरायचं काम, जे एरवी खेळाच्या हंगामात करावं लागतं, ते आधी उरकतं आणि लवकर बुजतं. पण २०१२चा पुढचा भाग विसरू नये: त्याच वर्षीचा जुलै तोवरच्या नोंदींतला अमेरिकेचा सर्वांत उष्ण महिना ठरला, सोबत मोठा दुष्काळ. मार्चमध्ये पानांवर खर्च झालेल्या गवताची जुलैत परीक्षा होती.

## तुमच्या घरापुढच्या लॉनचं

न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये घर असेल, तर अंगणात बहुधा केंटकी ब्लूग्रास, रायग्रास किंवा फेस्क्यू असेल. मार्चमध्ये ऊन पडलं म्हणून दुकानातून खताची पिशवी आणू नका. पहिलं खत मे अखेरीस, मेमोरियल डेच्या आसपास दिलं तरी चालतं. मॉवरची उंची ७-८ सेंटिमीटर ठेवा. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. सकाळी ५ सेंटिमीटर खोल सलग काही दिवस बघा. क्रॅबग्रासचं औषध फोर्सिथियाची फुलं झडून जायच्या आत पडायला हवं. ते टाकल्यावर पाणी द्या, नाहीतर ते पानांवरच राहतं.

आणि टकल्या जागांवर नवं बी पेरायचा विचार असेल, तर त्या जागांवर हे औषध टाकू नका. ते क्रॅबग्रासच्या मुळ्या थांबवतं तशाच नव्या गवताच्याही थांबवतं. शक्य असेल तर पेरणी सप्टेंबरवर ढकला. तेव्हा माती उबदार असते, हवा थंड होत जाते, आणि क्रॅबग्रासचा जोर संपत आलेला असतो.